पुंडलिकबाब आणि इंग्लंडचा मीटर

पुंडलिकबाब कुणाच्याही घरी गेले की आधी मीटरला भेटतात आणि मग, वेळ उरलाच तर, माणसांना. चपला काढायच्या आधी त्यांचा चष्मा कपाळावर चढतो, मान तिरपी होते, ओठ हलतात आणि मग घरात हाक जाते, "गेल्या म्हयन्यापरस अठरा युनिटां चड! कोण आयला रे?" मुंबईहून चुलतभाऊ आलाय, असं आतून उत्तर येतं. "तरीच," म्हणत ते आत येऊन खुर्चीवर बसतात. बरं आहे ना, जेवलात का, पाऊस काय म्हणतो, असले प्रश्न त्यांनी उभ्या जन्मात कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

वीज खात्यात त्यांनी चौतीस वर्षं मीटर वाचले. सगळा पेडणे तालुका आधी सायकलीवरून आणि मग स्कूटरवरून पालथा घातला. खात्यानं त्यांना निवृत्त केलं, पण मीटर वाचू नका असा हुकूम काही काढला नाही, आणि त्याचा त्रास आम्हा शेजाऱ्यांना होतो. त्यांच्या आणि माझ्या घरांमध्ये चिऱ्याचा एक बुटका गडगा आणि एक बिंबलाचं झाड एवढंच काय ते संरक्षण आहे. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, म्हणून त्यांच्यासाठी मी 'मास्तर'. माझ्या मीटरवर त्यांचा खास डोळा असतो, कारण मी हिशेबात कच्चा आहे हे त्यांना ठाऊक आहे.

त्यांचं जगण्याचं सूत्र एकच. "दिसता तें लिवचें. वाटता तें लिवचें न्हय." मीटरवरचा आकडा जो दिसेल तो लिहायचा, जास्त वाटतो म्हणून कमी करायचा नाही आणि कमी वाटतो म्हणून वाढवायचा नाही. एकदा त्यांची कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, किती दुखतंय असं वाटतं? "वाटता तें सांगून कितें उपेग?" म्हणून यांनी खिशातली वही काढली आणि आठ दिवसांत आपण किती वेळा उठलो, किती वेळा बसलो, ते वाचून दाखवलं. डॉक्टरांनी वही पुरी होण्याआधीच औषध लिहून दिलं.

रीडिंगच्या वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्या रकान्यात पुंडलिकबाबनी चौतीस वर्षांत एकच शेरा लिहिला, 'घर बंद'. घरात कुणी नसलं, दार उघडलं नाही, मीटर वाचता आला नाही की तो लिहायचा. तीन वेळा हाक मारल्याशिवाय आपण 'घर बंद' कधीच लिहिलं नाही, हे ते अजून छाती काढून सांगतात.

युनिटांवरून माणसं ओळखायचा त्यांना नादच आहे. हरमलच्या किनाऱ्यावर एकदा एका शॅकवाल्यानं पावसाळ्यात धंदा बंद असल्याचं शपथेवर सांगितलं. यांनी मीटर बघून विचारलं, "चार फ्रीज चलतत ते कुल्ल्यांक जेवण घालूंक?" कुल्ल्या म्हणजे खेकडे. आमच्या वाड्यावरच्या एका मुलीचं स्थळ तर त्यांनी मुलाच्या घरी चहा पिता पिताच मोडीत काढलं. मुलाची नोकरी, घर, बागायत सगळं चोख होतं. "पूण म्हयन्याक बावीस युनिटां," हे म्हणाले, "म्हणजे घरांत मिक्सर नाममात्र. चेडवाक जल्मभर फातरार वांटूंक लागतलें." चेडूं म्हणजे मुलगी. ते लग्न झालं नाही, आणि मुलगी अजून पुंडलिकबाबना चतुर्थीला नेवऱ्या पाठवते. मयताच्या घरीही ते असेच. एकदा सगळे मान खाली घालून बसलेले असताना हे माझ्या कानाशी पुटपुटले, "तीन फॅन लायल्यात, त्यांतल्या एकाचो कॅपॅसिटर गेलो." मला हसू आलं आणि घरच्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वर्षश्राद्धालाही गेलो नाही.

मग आमच्या घरात नवा फ्रीज घ्यायचं निघालं. पुंडलिकबाबना न सांगता घ्यावा असा माझा बेत होता. पण म्हापशाच्या बसमध्ये चढतो तर ते आधीच खिडकीशी बसलेले. दुकानात मी पाच ताऱ्यांचा फ्रीज पसंत केला. सेल्समन खूश, माझी बायको खूश. पुंडलिकबाबनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या लेबलाला नाक लावलं.

"मास्तर, तारे कित्याक मोजतास? ही कितें जल्मपत्रिका? तारेखाल बारीक लिवलां तें वाच."

ताऱ्यांखाली वर्षाला लागणारी युनिटं लिहिलेली असतात आणि ते लेबल कुठल्या काळापुरतं खरं हेही लिहिलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या फ्रीजच्या पाच ताऱ्यांची मुदत कधीच उलटून गेली होती. नवा नियम लागल्यावर तो तीन ताऱ्यांवर उतरला असता. शिवाय तारे मोजायचे ते सारख्या आकाराच्या दोन फ्रीजांत. "ल्हान फ्रीजाचे पांच आनी व्हडल्या फ्रीजाचे पांच एक न्हय. तुज्या शाळेंत पयलीचो पयलो आनी धावीचो पयलो एक आसता?" पुंडलिकबाबनी सेल्समनला विचारलं. तो सेल्समन माझाच विद्यार्थी निघाला. त्यानं मान खाली घालून आतून दुसरा फ्रीज आणला.

हे सगळं सांगायचं कारण, या माणसाला एक मुलगा आहे आणि तो इंग्लंडात असतो.

सुदेशला तिकडे धाडला तो पुंडलिकबाबनीच. त्यांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, मुक्ती आली तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे असतील. जन्मभर त्यांनी 'पाखल्यां'ना, म्हणजे त्या गोऱ्या साहेबांना, शिव्या घातल्या. पण मुलाला पोर्तुगालचा पासपोर्ट हवा झाला तेव्हा मुकाट्यानं म्हापशाला जाऊन वकिलासमोर बसले आणि आपला जन्म लिस्बनमध्ये नोंदवायच्या कागदांवर सह्या केल्या. त्या पासपोर्टवर तेव्हा युरोपात कुठेही राहता यायचं, म्हणून सुदेश इंग्लंडला गेला, तिथेच रमला, लग्न झालं, इरा नावाची मुलगी झाली. वयनी, म्हणजे पुंडलिकबाबची बायको, असेपर्यंत दर रविवारी फोन यायचे, कारण ती बोलायची. ती गेली आणि बापलेकांना बोलायला विषय उरला नाही. "बाबा, कसे आसात?" "बरो आसां. मीटर कितलो जालो?" "मीटर पळयलो ना बाबा." मग फोन ठेवायचा म्हणून "दवरूं?" आणि "दवर." रविवारचा फोन महिन्यावर गेला, मग सणापुरता उरला.

आणि एक दिवस सुदेशनं तिकडे जुनं घर घेतलं. घर गरम करायची त्याची गॅसची यंत्रणा मरायला टेकलेली होती. तिथे आता लोक हीट पंप बसवतात. त्यानं बापाला फोन केला, "बाबा, खंयचें मशीन घेवं?"

दहा मिनिटांत पुंडलिकबाब गडगा ओलांडून माझ्या घरात. कंपन्यांची माहितीपत्रकं इंग्रजीत, आणि वाय-फाय माझ्याकडे. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता सुदेशचा फोन माझ्या सोप्यावर येऊ लागला. पुंडलिकबाब इस्त्रीचा शर्ट घालून, वही-पेन्सिल घेऊन पावणेपाचला हजर. माझी रविवारची झोप गेली ती गेलीच.

हीट पंप म्हणजे काय ते मला त्यांनी माझ्याच फ्रीजला पाठीमागून हात लावायला लावून शिकवलं. "गरम लागता? ती भितरली ऊब. फ्रीज ती भितरसून काडून भायर उडयता. हें मशीन उरफाटें. भायरली ऊब घरांत हाडता. एक युनिट वीज खाता आनी तीन-चार युनिटांची ऊब दिता."

"पण तिकडे बाहेर बर्फ असतो," मी म्हणालो. "त्यात कसली ऊब?"

"आसता मास्तर. हिंवांतय आसता. काडूंक येवंक होयी."

तिकडच्या लेबलावर तारे नसतात, अक्षरं असतात. वरती इंग्रजी ए, त्याच्यापुढे अधिकाची तीन-तीन चिन्हं. मला वाटलं, आता म्हातारा अडला. कुठला! त्यांनी अक्षरांकडे बघितलंही नाही, थेट खालच्या बारीक आकड्यांवर उतरले. कंपन्या दोन आकडे छापतात. एक, बाहेर ठरावीक थंडी असताना मशीन किती पट ऊब देतं तो. दुसरा, सगळा थंडीचा मोसम धरून सरासरी किती पट देतं तो. पहिला नेहमी झकास असतो, म्हणून मोठ्या टायपात. मी त्यालाच भुललो होतो.

"एका दिसाच्या रीडिंगान घर कळता?" पुंडलिकबाब कडाडले. "पावणे आयल्या दिसाचें रीडिंग घेशी जाल्यार तो मनीस उधळो. उपाशीं दिसाचें घेशी जाल्यार तो कंजूस. वर्साचें पळोवंक होयें."

इंग्रजीत पदवी घेतलेल्या मला जे तीन माहितीपत्रकांत कळलं नाही ते एका वाक्यात कळलं. मी तसं त्यांना सांगितलं मात्र नाही, कारण मग ते रोज आले असते.

सुदेशनं सुचवलेलं पहिलं मशीन मला तरी उत्तम वाटलं. पुंडलिकबाबनी घराच्या खिडक्या किती, काचा एकेरी की दुहेरी, भिंती किती जाड, सगळं विचारून दोन रविवार आकडेमोड केली. अशा घराला थंडीत दिवसाला पंधराएक युनिटं लागतील, असा हिशेब काढला आणि म्हणाले, "ना. आवाज चड करता." दुसऱ्या मशीनचा आकडा जमिनीखालून कोमट पाणी फिरवणाऱ्या घरांसाठीचा होता. सुदेशच्या घरात भिंतीवरचे जुने, आतून गरम पाणी फिरणारे पत्रे, त्यांना जास्त कढत पाणी लागतं, आणि पाणी जितकं कढत तितका तो आकडा खाली येतो. हे कारण रास्त होतं. तिसऱ्याच्या लेबलावरचा आकडा युरोपातल्या उबदार भागाचा होता. हेही पटलं. पण चौथं जड म्हणून गेलं, सहावं हलकं म्हणून. आठव्याच्या माहितीपत्रकावर हसणाऱ्या बाईचा फोटो होता. "मशीन बरें आसल्यार बायल कित्याक घालतत?" असं म्हणून तेही फेटाळलं. अकराव्याचा रंग काळा होता.

पावसाळ्यात सुरू झालेलं हे काम जानेवारी उजाडला तरी चालूच. मी चिडून बायकोला म्हणालो, "या माणसानं लग्न तरी कसं केलं असेल?"

"वयनीर लेबल खंय आसलें?" ती म्हणाली.

त्या अकराव्या मशीनच्या रविवारी फोन चालू असताना पलीकडे कुणीतरी खोकलं. साधंसुधं नाही, कुत्रा भुंकल्यासारखं.

"कोण खोंकता?" पुंडलिकबाब.

"इरा, बाबा. हिंव पडलां हांगा. तें सोड. अकरावें कशें वाटता?"

काळ्या रंगावर चर्चा झाली, फोन ठेवला, पुंडलिकबाब वही घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन जातो न जातो तोच ते दारात उभे. आणि मीटरकडे न बघता सरळ आत आले. माझी बायको हातात चहाचं भांडं घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, गेलं कुणीतरी.

"मास्तर, पयलेंच मशीन बरें आसलें."

"मग आवाज?"

"आवाज कसलो! बिंबलाच्या झाडार कावळे चड करतत."

"आणि बाकीची दहा?"

ते टेबलावरच्या मेणकापडाची किनार नखानं उकलत बसले. मग मान वर न करताच म्हणाले, "मशीन घेतलें म्हणजे काम जालें. काम जाल्यार तो फोन कित्याक करतलो?" थोड्या वेळानं म्हणाले, "आनी माज्या ह्या सोंगापायीं थंय तें चेडूं हिंवान कुडकुडता. ताची आज्जी आसली जाल्यार माका घरांत घेवंची नासली."

त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली. "पयल्या मशीनाचें पान सोद. माका दिसना." चष्मा नाकावरच होता, कपाळावर चढवलाही नव्हता. मी सुरुवातीपासून पानं उलटू लागलो. मशीनांची पानं बरीच नंतर सुरू होत होती. त्यांच्या आधी नुसत्या तारखा होत्या, एकाखाली एक, सगळ्या रविवारच्या. रीडिंगचा रकाना कोरा, आणि शेऱ्याच्या रकान्यात, 'घर बंद'. 'घर बंद'. 'घर बंद'. पान उलटलं तरी तेच. वयनी गेल्यानंतर फोन न आलेला एकही रविवार सुटला नव्हता.

मी वर्गात मुलांच्या चुका लाल शाईनं काढत आलेला माणूस. त्या पानावरून मी बोट उचललं आणि पुढे उलटत गेलो. पहिल्या मशीनचं पान सापडलं. त्याच्या कोपऱ्यात पहिल्याच दिवशी बरोबरची खूण करून ठेवलेली होती.

तिकडे सकाळ व्हायला हवी म्हणून ते दीड वाजेपर्यंत माझ्याकडेच बसले. जेवले नाहीत. फोन लागल्यावर एवढंच म्हणाले, "पयलें घे. आयजूच घे. माजी चूक जाली." सुदेश म्हणाला, "घेतां, बाबा."

पुढच्याच रविवारी त्यानं सांगितलं की मशीन बसलं, घर उबदार आहे, इराचा खोकलाही गेला. "बघा, इंग्लंडात कामं कशी झटपट होतात," मी म्हणालो. आमच्या गल्लीतला दिव्याचा खांब बदलायला किती महिने लागले ते मला आठवत होतं. पुंडलिकबाबनी नुसती मान हलवली, माझ्या बायकोला "येतां गे" म्हणाले आणि वही काखेत मारून निघून गेले. तो आठवडा ते गडग्याशी दिसले नाहीत. त्यांच्या सोप्यावरचा मीटर मी पहिल्यांदाच, चोरून, वाकून बघितला. आतली लाल लुकलुक एवढ्या सावकाश होत होती की मला आधी वाटलं, बंदच आहे. एक ट्यूब, एक पंखा, एक माणूस.

त्यानंतरच्या रविवारी ते पावणेपाचला आले. इस्त्रीचा शर्ट, वही, पेन्सिल. "सहज आयलों," म्हणाले. माझ्या बायकोनं काही न विचारता चहा ठेवला. पाच वाजले. पाच वाजून चार मिनिटं झाली. मी पेपर उलटा धरून वाचत होतो.

फोन वाजला.

"बाबा," सुदेश म्हणाला, "मशीन लेबलार लिवलां तशें चलता काय ना, तें कशें कळतलें?"

पुंडलिकबाब खुर्चीत ताठ झाले. "मशीनाक वेगळो मीटर आसा?"

"आसा."

"वाच."

सुदेश जाऊन बघून आला. "एक हजार दोनशें चाळीस."

पुंडलिकबाबनी आकडा लिहिला. पेन्सिल तिथेच थांबली. ओठ हलू लागले. मग त्यांनी फोनवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, आठ दिसांत बाराशें चाळीस युनिटां खावंक तो कितें हत्ती? दिसाक पंधरा धर. ब्यायशीं दीस जातत." ते खिडकीबाहेर बिंबलाकडे बघत होते. "हें मशीन दिवाळेक बसलां. तें चेडूं हिंवान कुडकुडूंक ना रे."

"म्हणजे दिवाळीपासून तो दर रविवारी तुम्हाला नुसतंच मशीन विचारत—"

त्यांनी हात वर केला. मी वाक्य अर्धंच सोडलं. मला ते सहसा जमत नाही.

"बाबा?" पलीकडून आवाज आला. त्यालाही बहुतेक आपल्या तोंडून काय निसटलं ते उमगलं होतं. "वाचतना चुकलों काय मी?"

पुंडलिकबाबनी तळवा काढला.

"चुकूंक ना. बरें वाचलां." मग नेहमीच्या खात्याच्या आवाजात, "पूण एका रीडिंगान कांय कळना. दर आयतारा, ह्याच वेळार वाचून सांगचें."

"कितलो तेंप, बाबा?"

"वर्सभर. आनी मशीन जुनें जाता तशें तें चड खाता, तेन्ना फुडलींय वर्सां पळोवंक होयीं."

"बरें," सुदेश म्हणाला.

मी पेपर सुलटा केला. आता फोन ठेवतील असं वाटलं तोच पुंडलिकबाब म्हणाले, "इरा खंय आसा? ताका विचार... बरें आसा मगो, म्हणून." हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. पोरीनं पलीकडून इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यातलं त्यांना काही कळलं असेल असं नाही, पण ते "हां, हां" करत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

फोन ठेवल्यावर त्यांनी वहीत अजून काहीतरी लिहिलं, चहा संपवला आणि उठले. "वही हांगाच दवरतां. दर आयतारा होयी." पायरी उतरताना चष्मा कपाळावर चढला, मान तिरपी झाली. "मास्तर! भितरल्या खोलयेंत मनीस ना आनी फॅन फिरता. खंय नाक धरून बसलास?" ओरडत ओरडत ते गडगा ओलांडून गेले.

मी उठलो, आतला पंखा बंद केला आणि परत येऊन वही उघडली. तारीख होती. पुढे १२४० होते. आणि शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिल दाबून, लिहिलं होतं, 'घर उघडें'.